तकरार नाही

"हाय," बाई म्हणाली, आणि शिक्का धरलेला सुषमाचा हात हवेतच राहिला.

तसं बघायला गेलं तर यात दचकण्यासारखं काय होतं? सरकारी हॉस्पिटलच्या खिडकीवर दिवसाला शंभर माणसं 'हाय' म्हणतात. ताप हाय, जुलाब हाय, कुत्रा चावलाय, तो पण पाळलेला हाय. पण ती माणसं रांगेतली. पोलिसांच्या गाडीतून येणार्‍या माणसाचा हिशेब वेगळा. त्याला "काही तक्रार?" असं विचारायचं असतं ते देवळात शिरताना घंटा वाजवावी तसं. वाजवायची आणि पुढे सरकायचं. घंटेला आतून कोणी 'ओ' दिली तर माणसाने करायचं काय? सुषमाने बारा वर्षांत हजारभर वेळा ही घंटा वाजवली होती. सवय अशी झाली होती की 'काही' म्हणताना डाव्या हाताने शाईच्या पॅडचं झाकण उघडायचं, 'तक्रार' म्हणताना उजव्या हाताने शिक्का पॅडवर दाबायचा, आणि प्रश्नचिन्हाच्या जागी तो कागदावर पडायचा. धप्प. उत्तराला मध्ये शिरायला फटच नव्हती. आज फट पडली ती पॅड सुकलं होतं म्हणून. तिने शिक्का दुसर्‍यांदा दाबला, तेवढ्या अर्ध्या सेकंदात ती बाई 'हाय' म्हणून मोकळी झाली.

"कोण बोललं?" हवालदार प्रविण मागे वळला. मिशी काळी, पोट सरकारी, स्वभाव गोड असा हा माणूस. बारा वर्षं तोच कागद घेऊन यायचा, येताना सुषमासाठी चिकू आणायचा.

"मी बोललू," बाई म्हणाली. पन्नाशी उलटलेली, वाळून काटकी झालेली. एका हाताने भिंत धरलेली, दुसरा हात रोशनी नावाच्या नव्या महिला शिपायाच्या मुठीत. "ती विचारते ना, तक्रार हाय का. हाय."

"अगं मावशी, ते तुला नाय विचारलं. ते मला विचारलं."

"मंग तुझी लिव्हतात काय? लिव्ह बाय, याची पण लिव्ह. पोट बघ याचं, कितवा महिना हाय?"

रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं. सुषमाला हसू आलं नाही. जांभळ्या शाईचा वास एकदम तिच्या नाकात बसला. त्या वासाची तिला कधी जाणीवच नसायची, जशी आपल्या घराच्या वासाची नसते.

मुळात ही बाई इथे असायलाच नको होती. पोलिसांनी धरलेल्या माणसाला तपासणीला आणतात म्हणजे गाडी आवारात येते, माणूस गाडीत बसून राहतो आणि त्याचा कागद खिडकीवर येतो. कागदाची तपासणी होते. कागद ठणठणीत असला की माणूसही ठणठणीत. पण आज या बाईला तासात तिसर्‍यांदा लघवीला लागली, आणि हॉस्पिटलचा संडास सुषमाच्या खिडकीवरून पुढे आहे. रोशनी नवी होती, तिने अजून आरोपीला गाडीत मुतू द्यायचं धाडस कमावलं नव्हतं, म्हणून तिला उतरवून घेऊन आली. सरकारची एवढी मोठी व्यवस्था, आणि तिला भोक पडलं ते एका म्हातारीच्या मूत्राशयामुळे.

कागदावर नाव होतं बायजी, तलासरीच्या पूर्वेच्या डोंगरातलं कुठलंसं गाव. सुषमाने नाव वाचलं आणि तिला आठवलं की हेच नाव परवा पण होतं. परवा प्रविण म्हणाला होता, "एकच आहे ताई, गाडीत आहे, ऊन फार आहे, उतरवत नाय," आणि तिने चिकूचा वास घेत घेत धप्प केलं होतं. आज सही-शिक्का झाला की बाईला कोर्टात उभं करायचं, तिथून जेलात. जेल तीन तास लांब.

आणि ही बाई अनोळखी थोडीच होती. सुषमाने तिला याच खिडकीत किती वेळा पाहिलं होतं! कुठल्या पाड्यातला कोण आत टाकला, की ही स्टीलची बाटली घेऊन पहिली हजर. आमचा माणूस कुठाय, त्याला डॉक्टरने बघितला का, बघितला तर शर्ट काढून बघितला की वरून, त्याची गोळी त्याला दिली का. स्टाफमध्ये तिला 'कायदा' म्हणायचे. "आला बघा कायदा, चपला काढून आला." एकदा सुषमा वैतागून म्हणाली होती, "मावशी, तो स्वतःच नाही म्हणाला तक्रार, मी काय करू?" तेव्हा बायजी खिडकीच्या गजात तोंड घालून म्हणाली होती, "त्याच्या मागं कोण उभा होता, ता लिव्हलंस का?" सुषमाने नव्हतं लिहिलं. फॉर्मवर तसा रकाना नाही. त्या रात्री जेवताना मात्र तिला उगाचच आपल्या मागे कोणीतरी उभं आहे असं वाटत होतं, आणि मागे पाहिलं तर नवरा सदानंद पाणी प्यायला उठला होता. सदानंद फुग्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. लग्नाकार्यात तो चारचौघांना अभिमानाने सांगतो, "आमच्या सुषमाची कधी कशाबद्दल तक्रार नसते." पंख्याची गॅरंटी सांगावी तसं सांगतो. आणि सुषमा पंख्यासारखीच वर बघून हसते.

"ताई, मारा ना," प्रविण हळूच म्हणाला. "कोर्ट पाचला उठतं."

"काय होतंय तिला?"

"काय नाय होत. साखर साखर करते."

"साखर नाय, शुगर," बायजी म्हणाली. "माला शुगर हाय. दोन टाइम इंजिशन घ्यायचं. तीन दिस नाय घेतला."

"ते आम्ही लिहिलंय ना!" प्रविणने दुखावल्यासारखं कागदांचं बाड उघडलं आणि बोट ठेवलं. पोलिस ठाण्याच्या कारकुनाचं अक्षर मोत्यासारखं होतं: 'आरोपी आपणास साखर असल्याचे सांगते. पंचांसमक्ष अंगझडती घेतली असता साखर मिळून आली नाही.' खाली आणखी एक ओळ: 'एक काचेची छोटी बाटली, आत पाण्यासारखा द्रव, वास नाही, हेतू संशयास्पद. लाखेने सीलबंद करून तपासणीकामी ठेवली.'

सुषमाने ती ओळ दोनदा वाचली. बाटली म्हणजे इन्सुलिन. बायजीच्या घरी फ्रिज नाही. ती म्हणाली, ओल्या मडक्यात ठेवते. मडक्यात थंड राहणारी ती बाटली तीन दिवस ठाण्याच्या लोखंडी कपाटात लाखेचं टोपडं घालून उकडत बसली होती.

तिने पान उलटलं ते केवळ हात रिकामा नको म्हणून. पुढचा कागद शेळीचा होता.

आता शेळीचं सांगायला हवं. बायजीच्या गावात कुठल्याशा नव्या रस्त्याची मोजणी करायला माणसं आली. त्यांनी बायजीच्या नाचणीच्या तुकड्यात मोजणीची तिपाई उभी केली. बायजी म्हणाली, मोजायच्या आधी नोटीस दाखवा. ते म्हणाले, नोटीस ऑफिसात आहे. ती म्हणाली, मग मोजणी पण ऑफिसात करा. आणि तिने आपली शेळी तिपाईला बांधून टाकली. एवढ्याने काही बिघडलं नसतं, पण साहेब लोकांनी नकाशा तिपाईखाली ठेवला होता, आणि शेळीला भूक होती. तिने दोन गावांची शीव, एक ओढा आणि प्रस्तावित रस्त्याचे सातशे मीटर खाल्ले. बायजीवर गुन्हा दाखल झाला, सरकारी कामात अडथळा, सरकारी कागदाचा नाश, शिवाय 'मोजणी पथकाशी जोराची तकरार करून झटापट केली.' आणि शेळी मुद्देमाल म्हणून जप्त झाली. मुद्देमाल जिवंत असला की त्याची काळजी घ्यावी लागते, असा नियम आहे. म्हणून शेळीला पहिल्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. शेळीचा दाखला बाडात व्यवस्थित टाचलेला होता. 'तक्रार' या रकान्यापुढे लिहिलं होतं: 'कागद खाल्ल्याने पोट फुगले आहे, चारा कमी खाते, उदास दिसते.' पुढे 'उपचार': औषध पाजले, दिवसातून दोन वेळा हिरवा पाला, सावलीत बांधावे.

उदास दिसते. सुषमाची नजर त्या दोन शब्दांवरून हलेना. कोणीतरी शेळीच्या तोंडाकडे नीट बघितलं होतं. खाली वाकून बघितलं असणार, शेळी काही बुटकी नसते फार, तरी वाकावं लागतं. आपण शेवटचं कोणाच्या तोंडाकडे बघितलं? खिडकी छातीच्या उंचीला आहे, रांगेतल्या माणसाचे हात दिसतात, पिशवी दिसते, पाचाच्या नाण्यावरची बोटं दिसतात; तोंड बघायचं तर मान तिरकी करावी लागते, आणि मानेला पट्टा लागेल म्हणून ती करत नव्हती. आईच्या वेळीसुद्धा तिने हातच पाहिले होते. आई, आगर गावची गंगी. डहाणूच्या मासळीबाजारात तिचं भांडण ऐकायला लोक खरेदी नसताना यायचे. बोंबील ओले का, असं विचारणार्‍याला ती त्याच्या आजोबांपर्यंत ओलं करून सोडायची. भाव, सरकार, जावई, बर्फ, वारा, सगळ्याबद्दल तिची तक्रार. सुषमा लहानपणी टोपलीमागे लपायची, लाजेने कानात बोटं घालायची, आणि तेव्हाच तिने ठरवून टाकलं की आपण मोठं झाल्यावर एक शब्द काढायचा नाही. पाच वर्षांपूर्वी ती आई या रांगेत उभी राहिली. खारटाण वासाची पिशवी, खवल्यांनी चरे पडलेली बोटं. "काय तक्रार?" सुषमाने विचारलं, मान खाली. मागे चाळीस माणसं होती. आणि गंगी, जिने उभ्या जन्मात बर्फवाल्यालाही सोडलं नव्हतं, ती म्हणाली, "काय नाय ग. जरा मुंग्या येतात हाताला. तुझं काम चालू दे." पोरीच्या नोकरीचा मान ठेवला तिने. सुषमाने लिहिलं, 'किरकोळ'. दुसर्‍या दिवशी सकाळी गंगीची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता ती आगरला ओट्यावर बसते, आणि तिला एकच शब्द येतो, "हां." बोंबील सडले, हां. जावई आला, हां. बाजारातली सगळ्यात भांडखोर बाई सरकारी कर्मचार्‍यासारखी सगळ्याला हां म्हणते, आणि डोळे मात्र अजून शिव्या देत असतात.

"ताई?" प्रविण म्हणाला. "मारताय ना?"

"नाही," सुषमा म्हणाली.

तिचा आवाज तिलाच जरा चोरट्यासारखा वाटला, दुसर्‍याच्या घरातून आणलेल्या भांड्यासारखा. तिने शिक्का ठेवला आणि पोलिस-तपासणीच्या रजिस्टरला दोरीने बांधलेलं पेन घेतलं. पेन चालेना. बारा वर्षं या रजिस्टरात पेन लागलंच नव्हतं, रीफिल वाळून गेली होती. तिने ते कागदावर घासलं, फुंकलं, जिभेला लावलं, जीभ निळी झाली. शेवटी बायजीनेच कमरेच्या पिशवीतून पेन काढून गजातून आत दिलं. "घे. माझ्याकडं असतं."

"अरे, पेन जप्त नाय केला?" प्रविण रोशनीवर ओरडला.

"सर, पेनचं कलम नाही," रोशनी म्हणाली.

गडबड ऐकून डॉक्टर जिग्नेश बाहेर आला. उंबरगाव बाजूचा, कोवळा, शाळा गुजरातीतून झालेली, बॉण्डची दोन वर्षं भरायला आलेला. कानात स्टेथोस्कोप तसाच. "काय झाला सुषमाबेन? ऐंशी पेशंट आहेत मने. स्टॅम्प मारो ने, मी सही करतो."

"सर, ही तक्रार आहे म्हणते."

"पण स्टॅम्प तर तकरारचा आहे. तकरार तर नथी ने?" तो प्रविणकडे वळला. "तुमची आणि मावशीची मारामारी, झगडा काय झाला नाय ना? बस. तेच लिहिलाय त्यात."

सुषमाने शिक्का उलटा करून त्यावरची अक्षरं वाचली.

तिला स्टेशनजवळचं भाविकभाईचं दुकान आठवलं. शिक्के, लग्नपत्रिका, चाव्या. बारा वर्षांपूर्वी तीच गेली होती तिथे, कल्पनाच तिची होती: रोज तेच वाक्य हाताने कशाला लिहायचं? 'तपासणी केली. कोणतीही तक्रार नाही. ताब्यात देण्यास हरकत नाही.' त्यासाठी पंधरा ऑगस्टला तिला आदर्श कर्मचार्‍याचं प्रमाणपत्र आणि प्लॅस्टिकचा गुलाब मिळाला होता. भाविकभाईने शिक्का केला तो 'तकरार' असा. तिने तिसर्‍या दिवशी जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "बेन, तकरार एटले झगडा. तुमाला झगडा नाय पायजे ने? तो बराबर छे." नवीन शिक्का म्हणजे नवीन अर्ज, तीन दुकानांचे भाव. तिने विचार केला, जाऊ दे, एका अक्षराने काय होतंय, कोण वाचतंय? आणि बारा वर्षं हा पोरगा आणि याच्या आधीचे दोन डॉक्टर, गुजराती घरचे, निवांत सही करत आले होते, की पोलिसांचं आणि आरोपीचं भांडण झालेलं नाही. तक्रार आहे की नाही, हे बारा वर्षांत कोणी लिहिलंच नव्हतं. हजार माणसं. हजार रिकाम्या जागा, त्यावर जांभळी धप्प.

"डॉक्टर," तिने बाडातला पहिला कागद वर धरला, "गुन्ह्यात काय लिहिलंय बघा. 'जोराची तकरार करून झटापट केली.' ठाण्यातही हाच शब्द आहे. आता मी शिक्का मारला, 'कोणतीही तकरार नाही', खाली तुमची सही. म्हणजे सरकारी डॉक्टर लिहून देतोय की भांडण झालंच नाही. मग गुन्हा कसला?"

जिग्नेशने स्टेथोस्कोप कानातून काढला. प्रविणने कागद ओढून घेतला, ओठ हलवत वाचला, मग शिक्क्याकडे बघितलं, मग परत कागदाकडे. त्याच्या कपाळावर घामाची एक लांब ओळ उमटली. "आयला," तो म्हणाला. "मारू नका हां ताई. केस उडेल माझी."

"पण मारला नाही तर मला हाताने लिहावं लागेल, तक्रार आहे."

"ते पण नका लिहू."

"मग काय लिहू?"

प्रविणने खूप विचार केला. त्याचा चेहरा इतका प्रामाणिकपणे कष्टी झाला की सुषमाला त्याची दया आली. "शेळीसारखं काहीतरी लिवा," तो म्हणाला.

"तेच लिहिते," सुषमा म्हणाली.

तिने रकान्यात लिहिलं, 'तक्रार आहे.' तीन वेळा गिरवलं. मग खिडकीशेजारचं दार उघडून ती बाहेर आली. बारा वर्षांत कामाच्या वेळी ती या बाजूला आली नव्हती; इथून खिडकी किती लहान दिसते! आणि तिने वाकून बायजीच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या फटीत पांढरं काहीतरी सुकलं होतं, जीभ चामड्यासारखी, डोळे खोल, आणि श्वासाला पिकून गळलेल्या फळासारखा गोडसर वास. डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता, त्यावर फडकं.

"सर, हिची शुगर बघा. आत्ता. इथेच."

जिग्नेशने त्या वासाला एकदाच नाक लावलं आणि त्याचं बॉण्ड, गुजराती, ऐंशी पेशंट सगळं गळून पडलं. तो स्वतः धावत मशीन घेऊन आला. बोटाला सुई टोचली, पट्टी लावली. मशीनने पाच मोजले आणि पडद्यावर आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली.

"काय म्हणतंय?" प्रविणने मान लांब केली. "एच... आय. हाय? नमस्कार करतंय की काय?"

"हाय म्हणतंय," बायजी भिंतीला टेकून म्हणाली. तिचे डोळे मिटत होते, तरी बोलली. "मी म्हणत होतूच. आता मशीन पण म्हणतंय. त्याच्यावर पण टाक कलम."

"सहाशेच्या वर असला तर मशीन आकडा नाय दाखवत," जिग्नेश म्हणाला. "ही गाडीत बसून जेलला गेली असती ने, तो पोचलीच नसती. ॲडमिट. आत्ता. सलाईन, इन्सुलिन. कोर्टला सांगा, पेशंट हलणार नाय, जजसाहेबने पायजे तर इथे यावं."

"पण साहेब..." प्रविण म्हणाला.

"साहेबची शुगर पण बघतो मी, पाठवा."

हे तो बोलला आणि स्वतःच घाबरला, पण बोललेलं परत तोंडात जाईना.

मग ती दुपार सुषमाने बायजीच्या कॉटजवळ स्टुलावर काढली. खिडकीवर 'थोड्या वेळात येते' अशी पाटी लावली; ती पाटी तिने बारा वर्षांपूर्वीच करून ठेवली होती, कधी वापरली नव्हती. मांडीवर रजिस्टर. कॉटच्या पायाशी रोशनी पहार्‍याला. सलाईनच्या दोन बाटल्या आत गेल्या तशी बायजीची जीभ ओली झाली, आणि मग ती थांबेना. सुषमा लिहीत होती, आणि लिहिताना तिच्या मनगटात एक विचित्र सुख चढत होतं, खाज सुटलेली जागा अखेर सापडावी तसं. रकाना संपला, मग शेरा संपला, मग ती समासात शिरली, मग नवं पान घेतलं. एक, तीन दिवस इंजेक्शन दिलं नाही, बाटली लाख लावून ठेवली. दोन, पाणी मागितलं तर 'सारखी मुततेस' म्हणून दिलं नाही. तीन, अटकेचा कागद वाचून दाखवला नाही. चार, मला सही येते, तरी जबरदस्तीने अंगठा घेतला.

"हे लिव्ह नीट," बायजी म्हणाली. "सही येते. चौदा वर्षं रात्रशाळेत शिकवलाय मी सही करायला लोकांना."

पाच, मुलीला, दक्षाला कळवलं नाही. ती दोन दिवस तलासरीतली एकेक चौकी हिंडते आहे. हे लिहिलं तशी रोशनी काही न बोलता बाहेर गेली, आपल्या मोबाईलवरून कोणाशी तरी बोलली, परत येऊन म्हणाली, "निघाली ती. सहाच्या जीपने येते." आणि पुन्हा पहार्‍याला उभी राहिली, जास्तच ताठ.

"सहावी?" सुषमाने विचारलं.

बायजीने तिच्याकडे बघितलं. "सहावी तुझी हाय."

"माझी काय तक्रार असणार?"

"तुझी नाय. तुझ्यावर. परवा मी गाडीत होतू. तू बघितलं नाय, शिक्का मारला. परवा बघितला असतास तं अंगठा काळा नव्हता पडला. लिव्ह."

सुषमाच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. तिला वाटलं आता सांगावं, मावशी, मी खिडकी सोडून आले, मी डॉक्टरला बोलले, माझंही नाव यात कशाला? ते वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं. पण तिने वर पाहिलं आणि तिला बायजीचा चेहरा रागावलेला दिसला नाही. ती नुसती वाट बघत होती, जशी त्या सगळ्या वर्षांत गजांपाशी उभी राहून बघायची, कागद पुरा व्हायची. ही बाई सगळ्यांना एकाच मापाने मोजते. सूट द्यायची तिला सवयच नाही. सुषमाने लिहिलं. 'सहा. केसपेपर खिडकीवरील कनिष्ठ लिपिक सुषमा सदानंद यांनी परवा दिनांकी मला न पाहता, न विचारता दाखल्यावर शिक्का मारला.' स्वतःचं नाव लिहिताना अक्षर जरा जास्तच सुंदर आलं, सवयीने. त्याखाली तिने आणखी पाच लिहिल्या. शेवटची होती, माझी जमीन मोजायला आले ती कोणाला विचारून. बायजीने सगळं ऐकलं, मग पेन मागून घेतलं आणि सलाईन लावलेल्या हाताने, एकेक काना ओढत, सही केली. सुईतून थोडं रक्त वर चढलं. जिग्नेशने खाली सही केली, दोन ठिकाणी, एकदा गुजरातीत आणि मग खोडून मराठीत. कार्बनची प्रत रोशनीने पाकिटात घातली आणि रिक्षाने कोर्टात नेली. पाचला दहा कमी होते. प्रविणने तिला अडवलं नाही. तो दरवाज्यात उभा राहून पोट आत ओढायचा प्रयत्न करत होता.

साडेसहाला खिडकीवरचा फोन वाजला. सुषमा तिथेच बसली होती, घरी गेली नव्हती.

"कोण बोलतंय?" ठाण्याचे साहेब होते. आवाज जाड, दमलेला, मागे रस्त्यावरचे हॉर्न.

"सुषमा. कनिष्ठ लिपिक."

"हां. काय केलंत हो तुम्ही? कोर्टात अकरा तक्रारी वाचल्या गेल्या. मॅजिस्ट्रेट उद्या सकाळी हॉस्पिटलात येतायत. माझ्या माणसाला बाटली घेऊन हजर राहायला सांगितलंय."

"बाटली सावलीत आणा म्हणावं."

"चेष्टा करता? ऐका. रजिस्टर तुमच्याकडेच आहे ना? नजरचुकीने लिहिलं गेलं, असा शेरा मारा आणि पान रद्द करा. तुमच्याच भल्याचं सांगतोय. सहा नंबरला तुमचं स्वतःचं नाव आहे, माहितीये ना? सस्पेंड व्हाल. पान गेलं की तुम्हीपण सुटाल."

सुषमाने रजिस्टर जवळ ओढलं. सुटाल, हा शब्द तिच्या डोक्यात जरा वेळ गोल फिरला. वॉर्डाच्या बाजूने दक्षाचा रडका, चिडका आवाज येत होता, आणि त्यावर बायजीचा, "रडू नको, आधी डॉक्टरला विचार आकडा किती आला." आणि जिग्नेशचा, "चारशे बावन. आकडा आला मावशी, आकडा!" एवढ्या आनंदाने, की परीक्षेत पास झाल्यासारखा.

"हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतेय साहेब. तुम्ही पण ऐका. तुम्ही पान बघितलेलं नाही अजून. मी वाचते." तिने घसा खाकरला. "एक. तीन दिवस इंजेक्शन दिलं नाही."

"अहो मला वाचून नको..."

"दोन. पाणी मागितलं तर दिलं नाही."

तिचा आवाज चढत गेला. रिकाम्या हॉलमध्ये झाडू मारणारी बाई थांबली. सुषमाला मजा वाटली, हा आवाज तिचा स्वतःचा होता आणि तिने तो कधी ऐकलाच नव्हता. बाजारात टोपल्यांवरून पलीकडच्या गल्लीपर्यंत जाईल एवढा मोठा होता. तीन वाचली. चार वाचली, त्यातलं 'सही येते' दोनदा वाचलं. पाच वाचली.

"बास!" साहेब ओरडले. "तुम्हाला नोकरी नकोय का?"

"सहा," सुषमा म्हणाली. "केसपेपर खिडकीवरील कनिष्ठ लिपिक सुषमा सदानंद यांनी परवा दिनांकी मला न पाहता, न विचारता..."

फोन कट झाला.

तिने रिसीव्हर खाली ठेवला. हात साडीला पुसला. पानावर बोट तसंच ठेवलं, ओळ चुकू नये म्हणून. दोन मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

"हां साहेब," ती म्हणाली. "सात."